दुकानात रॅकेटी चार, म्हणे सगळ्या सारख्याच

मागच्या अंकात बॅडमिंटनचे बूट कसे निवडायचे यावर लिहिलं होतं. त्यावर जी पत्रं आणि मेसेज आले त्यात बूट राहिले बाजूला आणि सगळ्यांची तक्रार एकच, की बूट सोडा हो, आमच्या गावात धड रॅकेटच मिळत नाही. तासगाव, चिपळूण, लातूर, सगळीकडून तेच. म्हणून या वेळचं सदर पूर्ण रॅकेटवर, काही पत्रं कापून छोटी केलीयेत, रागावू नका.

प्रश्न : आमच्या तालुक्याच्या गावात नवीन इनडोअर कोर्ट झालंय, रोज सकाळी आम्ही दहा-बाराजण खेळतो. गावात स्पोर्ट्सची दोन दुकानं, पण दोन्हीकडे मिळून चार प्रकारच्या रॅकेटी. एक प्लास्टिक कव्हरमधली जोडी, एक सातशेची, एक बावीसशेची 'ग्राफाइट' लिहिलेली आणि एक साडेसहा हजाराची, जी दोन वर्षं काचेत टांगलीये. फरक विचारला तर म्हणतात सगळ्या सारख्याच, कलर कुठला पाहिजे ते सांगा. काय करावं? — वाचक, तासगाव

उत्तर : दादा, आधी दुकानदाराची बाजू सांगतो, मग तुमची. तालुक्याच्या दुकानात वर्षभर चालणारा माल म्हणजे टेनिस बॉल, क्रिकेटच्या बॅटी, कॅरमची पावडर आणि शाळांच्या ऑर्डरी, ट्रॉफ्या, ढाली वगैरे. बॅडमिंटन म्हणजे दिवाळीनंतर थंडीत गल्लीत दोन महिने आणि मग मे महिन्याची सुट्टी, एवढाच सीझन. आता चांगली रॅकेट म्हटली की एकच मॉडेल दोन-तीन वजनात येतं, दोन ग्रिपच्या साइजमध्ये येतं, वर रंग वेगळे. सगळं ठेवायचं म्हटलं तर एका मॉडेलमागे तीस-चाळीस हजार अडकले, आणि गिऱ्हाईक येणार, हातात घेऊन फिरवून बघणार, मोबाईलवर फोटो काढणार आणि रात्री ऑनलाइन मागवणार. त्यात सेलमध्ये कधी कधी ऑनलाइनचा भाव याच्या खरेदीच्या भावापेक्षा खाली असतो. मग तो कशाला ठेवेल? ती साडेसहा हजाराची जी काचेत लटकलीये ना, ती त्याने कधीतरी उत्साहात आणलेली असणार आणि आता तो तिच्याकडे बघून रोज कपाळाला हात लावत असणार.

पण 'सगळ्या सारख्याच' हे मात्र साफ चूक, आणि इथे दुकानदाराला सूट नाही. विकतो ती वस्तू काय आहे एवढं तरी माहीत पाहिजे. वजन न बघता रॅकेट घेणं म्हणजे नंबर न बघता चप्पल घेण्यासारखं आहे.

तर आता पुढच्या वेळी दुकानात जाताना खिशात एक छोटं लोहचुंबक टाका, फ्रिजवर लावतो ते चालेल, आणि शिंप्याची टेप. रॅकेटच्या दांड्याला, म्हणजे मुठीच्या वरचा जो बारीक शाफ्ट असतो त्याला चुंबक लावून बघा. चिकटलं तर शाफ्ट स्टीलचा. सातशेच्या रॅकेटला बहुतेक चिकटेलच, कारण त्या किमतीत फ्रेम ॲल्युमिनियमची आणि शाफ्ट स्टीलचा असाच प्रकार असतो, योनेक्सची जीआर ३०३ आपल्याकडे दुकानोदुकानी दिसते ती याच जातीची. टेरेसवर, अंगणात खेळायला ती वाईट नाहीये, उलट दणकट आहे, पोरांनी आपटली तरी बिघडत नाही. पण रोज सकाळी तासभर कोर्टवर डबल्स खेळणाऱ्याने ती घेऊ नये, मनगट आणि कोपर दोन्ही बोलायला लागतात. फ्रेम आणि शाफ्ट जिथे जुळतात तिथे जाडसर टी आकाराचा वेगळा जोड दिसला तर तीही धातूच्या रॅकेटची खूण समजा. फुल ग्राफाइटला, म्हणजे फ्रेम आणि शाफ्ट दोन्ही ग्राफाइटचे असलेल्या रॅकेटला, तो जोड असा बाहेरून दिसत नाही, सगळं एकजीव वाटतं. आणि बॉक्सवर 'ग्राफाइट', 'कार्बन', 'नॅनो' काहीही लिहिलेलं असलं तरी चुंबक चिकटलं की विषय संपला, मग दुकानदार काय म्हणतो ते ऐकू नका.

बावीसशेची जी आहे तिला चुंबक चिकटणार नाही असं धरून चालू. आता मुठीच्या वर जो निमुळता भाग असतो, कोन म्हणतात त्याला, तिथे बारीक अक्षरात काहीतरी लिहिलेलं असतं ते वाचा. चष्मा असेल तर लावून वाचा. ४यू जी५ असं काही असेल. यू म्हणजे वजन. ३यू म्हणजे ८५ ते ८९ ग्रॅम, ४यू म्हणजे ८० ते ८४, ५यू म्हणजे ७५ ते ७९. म्हणजे आकडा वाढला की वजन कमी, उलटं आहे, लक्षात ठेवा. जी म्हणजे मुठीची जाडी, तिथेही उलटंच, जी४ जाड आणि जी५ त्याहून बारीक. काही कंपन्या सरळ ग्रॅममध्येच लिहितात, ते बरं. आणि हे वजन गट, म्हणजे रॅकेटच्या जाळीची तार, न लावलेल्या रॅकेटचं असतं, गट आणि वरची ग्रिप चढली की काट्यावर जास्त भरते, म्हणून घरी किचनच्या काट्यावर ठेवून फसवलं फसवलं करू नका.

तिथेच टेन्शनही, म्हणजे गट किती ताणायचा ते, लिहिलेलं असतं, २० ते २८ पाउंड वगैरे. ते फ्रेम किती सोसते ते सांगतं. तुम्हाला तेवढं लावायचंच आहे असं नाही.

मग बॅलन्स. रॅकेट बोटावर आडवी तोलून धरा, जिथे तोलेल तिथून मुठीच्या बुडापर्यंत टेप लावा. साधारण २९ सेंटीमीटरच्या आसपास आली तर मधली, इव्हन बॅलन्स. ३० च्या पुढे गेली तर वजन डोक्याकडे, हेड हेवी, स्मॅशला जोर येतो पण डिफेन्सला हात उशिरा येतो. साडेअठ्ठावीसच्या खाली आली तर हेड लाइट, नेटजवळ आणि ड्राइव्हला, म्हणजे सपाट वेगवान फटक्याला, चपळ. योनेक्सच्या बाबतीत सांगायचं तर ॲस्ट्रॉक्स नावाच्या घराण्यातल्या बहुतेक डोक्याला जड, नॅनोफ्लेअर हलक्या आणि आर्कसेबर मधल्या, एवढं माहीत असलं की दुकानात निम्मं संभाषण जमतं.

तुम्ही सगळे सकाळी डबल्स खेळता, वय तिशी ते पन्नाशी असणार असा माझा अंदाज. तर ४यू, इव्हन किंवा किंचित हेड हेवी, शाफ्ट लवचिक किंवा मध्यम, ही जात तुमच्यातल्या दहापैकी आठजणांना चालेल. बावीसशेची जर यात बसत असेल तर घेऊन टाका, कोल्हापूरला कशाला जाताय. साडेसहा हजाराची शाफ्ट कडक असेल तर अजिबात घेऊ नका, कडक शाफ्ट वाकवायला स्विंगला वेग लागतो, तो नसला की शटल बेसलाइनपर्यंत जात नाही आणि माणूस म्हणतो रॅकेट महाग असून बोगस निघाली. बिचाऱ्या रॅकेटचा काही दोष नसतो.

आणि वाचलेले पैसे गटिंगला, म्हणजे गट बसवून घ्यायला, घाला. हे कुणी सांगत नाही म्हणून जोर देऊन सांगतो. आपल्याकडे या किमतीच्या बऱ्याच रॅकेटी फॅक्टरीतूनच गट लावून येतात आणि तो गट बहुतेक वेळा सैल आणि साधा असतो. तो कापून योनेक्सचा बीजी ६५ सारखा टिकाऊ गट, ०.७० मिलिमीटर जाडीचा, २२-२३ पाउंडावर लावून घ्या. बावीसशेची रॅकेट अशी गट बदलून खेळलात की फॅक्टरी गटवाल्या पाच हजारीपेक्षा बरी लागेल, माझी पैज.

प्रश्न : तुमच्यासारखे लिहिणारे नेहमी दुकानदाराला झोडतात. माझं विदर्भात तीस वर्षांचं दुकान आहे. चांगली रॅकेट ठेवली तर पडून राहते, नाही ठेवली तर लोक म्हणतात याच्याकडे काहीच नाही. सांगा भाऊ, ठेवायचं तरी काय? — एक दुकानदार वाचक

उत्तर : भाऊ, वरचं उत्तर वाचा, निम्मा वेळ तुमचीच वकिली केलीये. पण विचारलंत म्हणून सांगतो, पटलं तर घ्या.

तुमच्या भिंतीवर बहुतेक आठ-दहा रॅकेटी असतील आणि त्यातल्या सात एकाच प्रकारच्या, फक्त रंग आणि स्टिकर वेगळे. कारण डिस्ट्रिब्युटर जे ढकलतो ते येतं. त्याऐवजी फुल ग्राफाइटच्या तीनच ठेवा, पण तिन्ही वेगळ्या. एक हेड हेवी, एक इव्हन, एक हलकी ५यू. आणि या तिन्हींची एकेक रॅकेट गट लावून वापरायला काढा, डेमो म्हणून, गिऱ्हाइकाला सांगा घेऊन जा, संध्याकाळी कोर्टवर खेळून बघ, उद्या आणून दे, डिपॉझिट ठेव. ही गोष्ट कुठलीच वेबसाइट देऊ शकत नाही. खेळून आवडली की माणूस मॉडेलचं नाव सांगतो, ॲडव्हान्स देतो आणि मग तुम्ही मागवता, म्हणजे पैसा अडकतच नाही. चार दिवस थांबायला लोक तयार असतात हो, त्यांना फक्त माहीत नसतं की तुम्ही मागवून देता. दुकानात तशी पाटी लावा.

दुसरं म्हणजे गटिंगचं मशीन. वजनाच्या लोंबत्या दांडीवर चालणारं साधं मशीनसुद्धा नीट हाताने चालवलं तर चांगलं काम देतं, इलेक्ट्रॉनिकच पाहिजे असं नाही. रोज खेळणाऱ्याचा गट दोन-तीन महिन्यांत तुटतो किंवा ढिला पडतो, म्हणजे तो माणूस वर्षातून चार-पाच वेळा तुमच्या दुकानाची पायरी चढणार, आणि चढला की ग्रिप घेणार, शटलचा डबा घेणार, मोजे घेणार. रॅकेट तो एकदाच घेतो, गट आयुष्यभर. ज्या गावात गटिंग चांगलं होतं त्या गावात बॅडमिंटन वाढतं असं माझं निरीक्षण आहे, आणि जिथे होत नाही तिथे लोक तुटलेल्या गटाची रॅकेट माळ्यावर टाकून चालायला जायला लागतात.

ऑनलाइनवाल्या भावाशी मात्र भांडू नका, ती लढाई हरलेलीच आहे.

प्रश्न : माझी मुलगी नऊ वर्षांची आहे, समर कॅम्पपासून बॅडमिंटनचं वेड लागलंय. सर म्हणतात हलकी रॅकेट आणा. आमच्याकडे दुकानात एकतर खेळण्यातली नाहीतर मोठ्यांची, मधलं काहीच नाही. — एक आई, चिपळूण

उत्तर : ताई, लहान मुलांसाठी कमी लांबीच्या रॅकेटी असतात, २१, २३, २५ इंची, पण त्या मोठ्या शहरातच सापडतात, डिकॅथलॉनसारख्या मोठ्या दुकानात त्यांच्या स्वतःच्या ब्रँडच्या मिळतील. पाच-सहा वर्षांचं मूल असतं तर मी म्हटलं असतं की तिथूनच आणा. नऊ वर्षांच्या मुलीला मात्र थोडी उंची असेल तर सरळ पूर्ण लांबीची पण ५यू वजनाची रॅकेट द्या, दोन-तीन वर्षं पुरेल. योनेक्सच्या भारतात विकल्या जाणाऱ्या लाइट मालिकेतल्या ७७ ग्रॅमच्या आसपासच्या रॅकेटी गावाकडच्या दुकानातही बऱ्यापैकी दिसतात, लाइट १८आय वगैरे नावाच्या, तशी बघा.

मूठ जाड वाटेल. त्यावर उपाय असा की कंपनीची जी मूळ जाड ग्रिप असते ती सोलून काढायची आणि लाकडी दांड्यावर सरळ पातळ ओव्हरग्रिप गुंडाळायची. मूठ एकदम बारीक होते आणि लहान हातात नीट बसते. पन्नास-शंभर रुपयांचं काम. बाकी ती स्टीलच्या शाफ्टची 'शिकायला चालेल' म्हणून देतात ती नको, लहान मनगटाने जड रॅकेट फिरवायची सवय लागली की अख्खा खांदा घालून मारायला शिकतात आणि मग ते मोडणं सरांच्याही हातात राहत नाही.

प्रश्न : इन्स्टाग्रामवर एका पेजवर पंधरा हजाराची रॅकेट अठ्ठावीसशेला मिळतेय, 'इंपोर्टेड, फर्स्ट कॉपी नाही' असं लिहिलंय. गावात तर काहीच मिळत नाही, मग मागवू का? — वाचक, लातूर

उत्तर : नको.

थोडं सविस्तर लिहा म्हणाल म्हणून लिहितो. जो माणूस न विचारता सांगतो की फर्स्ट कॉपी नाही, तो फर्स्ट कॉपीच विकतो. टॉपच्या मॉडेलवर दहा-पंधरा टक्के सूट समजू शकतो, जुनं मॉडेल बंद होताना अजून थोडी, पण ऐंशी टक्के कोण देईल? नकली रॅकेट दिसायला आता इतकी हुबेहूब येते की फोटोवरून मलाही कळणार नाही, पण २५-२६ पाउंड ओढलं की फ्रेम मशीनवरच बोलते, आणि गटिंगवाला म्हणतो साहेब माझी जबाबदारी नाही. अस्सल रॅकेटवर शाफ्टजवळ नंबर कोरलेला असतो, भारतात अधिकृत मार्गाने आलेल्या योनेक्सवर सनराइजचा, म्हणजे त्यांच्या इथल्या वितरक कंपनीचा, होलोग्राम असतो, पण होलोग्रामचीही नक्कल होते तेव्हा नुसत्या स्टिकरवर जाऊ नका, पक्कं जीएसटीचं बिल देणारा अधिकृत डीलर हीच खरी खात्री.

आणि समजा ती अस्सल निघाली, तरी ते टॉपचं मॉडेल तुम्हाला कशाला पाहिजे? ती रॅकेट रोज सहा-सहा तास खेळणाऱ्या पोरांसाठी बनवलेली असते. त्याच अठ्ठावीसशेत व्हिक्टर, ली-निंग, योनेक्स, अपॅक्स, हंड्रेड यातल्या कुणाचीही सुरुवातीच्या मालिकेतली अस्सल फुल ग्राफाइट मिळते, बिलासकट. ज्यांना मुंबईला जाणं होतं त्यांनी धोबी तलावला मेट्रो सिनेमाच्या आसपास एक चक्कर मारावी, तिथे स्पोर्ट्सची दुकानं ओळीने आहेत, दहा रॅकेटी हातात घेऊन बघता येतात आणि घासाघीसही चालते.

प्रश्न : वय ५२. सहा महिन्यांपासून कोपराच्या बाहेरच्या बाजूला दुखतंय. मित्र म्हणतात रॅकेट बदल. इथल्या दुकानात ३यू आणि त्याहून जडच आहेत. — वाचक, नाशिक

उत्तर : काका, आधी डॉक्टर, मग दुकान. सहा महिने दुखतंय म्हणजे आता हाडांच्या डॉक्टरला दाखवा, फिजिओकडे जा, रॅकेट बदलून दुखणं बरं होत नाही, फार तर परत उठत नाही. डॉक्टरांनी खेळायची परवानगी दिली की ४यू किंवा ५यू, लवचिक शाफ्ट, आणि गट २०-२१ पाउंडावर. गट जास्त ताणलेला असला की शटलचा धक्का हातात जास्त येतो, आणि क्लबात कुणीतरी २७ पाउंड लावतो म्हणून आपणही लावायचं हा जो रोग आहे ना त्याने किती कोपरं गेली देव जाणे. मूठ फार आवळून धरत असाल तर तेही बघा, ग्रिप झिजून गुळगुळीत झाली की माणूस नकळत जास्त आवळतो. ग्रिप बदलायला कुठल्याच गावात अडचण नाही.

नाशिकसारख्या शहरात ४यू मिळत नाही हे मला पटत नाही, अजून दोन दुकानं फिरा.

प्रश्न : मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक आहे. शाळेला ज्या रॅकेटी येतात त्या अगदी साध्या, ब्रँड कुणाला माहीत नसलेल्या. स्पर्धेत कुणी आक्षेप घेऊ शकतं का? — वाचक, यवतमाळ जिल्हा

उत्तर : सर, बिनधास्त खेळवा. नियमात फक्त मापं आहेत. रॅकेटची एकूण लांबी ६८० मिलिमीटरपेक्षा जास्त नको, रुंदी २३० पेक्षा जास्त नको, आणि गटाचा भाग लांबीला २८० आणि रुंदीला २२० च्या आत. ब्रँड, धातू, लाकूड, किंमत याबद्दल चकार शब्द नाही. शाळांना येणारा बराचसा माल जालंधर, मेरठकडचा असतो, तो मापात असतोच. फाळणीनंतर सियालकोटचे कारागीर जालंधरला आले आणि तिथे खेळाच्या सामानाचा धंदा उभा राहिला, म्हणजे ते लोक हे काम पिढ्यान्पिढ्या करतायत.

पुण्यात १८७० च्या दशकात इंग्रज अधिकाऱ्यांनी या खेळाचे सुरुवातीचे नियम लिहून काढले, पूना नावानेच खेळ ओळखला जायचा. आणि सांगलीच्या नंदू नाटेकरांनी १९५६ साली क्वालालंपूरला स्पर्धा जिंकली, परदेशात विजेतेपद मिळवणारे ते पहिले भारतीय बॅडमिंटनपटू, तेव्हा रॅकेट लाकडाची होती, वाकू नये म्हणून लाकडी चौकटीत स्क्रू आवळून ठेवायचे. तुमच्या पोरांकडची रॅकेट त्याच्यापेक्षा हलकीच आहे. फक्त एक करा, सगळ्या रॅकेटी काट्यावर टाकून वजनाप्रमाणे लावा आणि हलक्यातल्या हलक्या सर्वांत लहान मुलांना द्या. शाळेत नेमकं उलटं होतं, मोठी पोरं चांगल्या उचलून घेतात.

प्रश्न : मी डावखुरी आहे. दुकानदार म्हणाला डाव्या हाताची रॅकेट मागवावी लागेल, तीनशे रुपये जास्त. खरं का? — वाचक, सोलापूर

उत्तर : हाहा. ताई, तीनशे रुपये वाचले समजा. रॅकेट दोन्ही हातांना सारखीच असते. फक्त ग्रिप गुंडाळायची दिशा उलटी केली तर डाव्या हाताला पकड बरी वाटते, ते घरी पाच मिनिटात होतं. दुकान बदला.

प्रश्न : आमच्या गावात गटिंग करणारं कुणीच नाही. गट तुटला की नवीन रॅकेट घ्यावी लागते. — वाचक, आटपाडी

उत्तर : अशी चांगली फ्रेम टाकून देऊ नका हो. आधी हे करा, गट तुटला रे तुटला की घरी येऊन कात्रीने बाकीचा गटही मधून बाहेरच्या बाजूला आडवा-उभा कापून टाका. एक बाजू ढिली आणि एक बाजू ताणलेली अशी रॅकेट पडून राहिली तर फ्रेम वाकडी होते, आणि मग खरंच टाकून द्यायची वेळ येते. खेळणाऱ्या पाच-सातजणांनी मिळून रॅकेटी जमवा आणि जो कुणी कामानिमित्त सांगली-कोल्हापूरला जातो त्याच्याकडे एकदम द्या, किंवा एसटीच्या पार्सलने पाठवा, गटिंगवाल्याला फोनवर सांगता येतं. प्रत्येक रॅकेटला चिठ्ठी बांधा, कुठला गट, किती पाउंड, नाव. चिठ्ठी नसेल तर तो सगळ्यांना २४ लावून मोकळा होतो. गट आणि मजुरी मिळून नवीन रॅकेटच्या पावपट खर्चात काम होतं.

आणि दोन रॅकेटी ठेवा, शक्यतो एकाच मॉडेलच्या. एक गटिंगला गेली तर दुसरी हातात. साडेसहा हजाराची एक घेण्यापेक्षा बावीसशेच्या दोन घेतलेल्या कधीही बऱ्या, गावाकडे तर नक्कीच.

प्रश्न : मुलगा नोकरीला बंगळुरूला आहे, तिथून रॅकेट आणायला सांगू का? का तो मलेशियाला जाणार आहे तिथून? — वाचक, कराड

उत्तर : बंगळुरूहून जरूर. तिथे कोर्टच्या शेजारीच दुकान आणि दुकानातच गटिंगवाला असं बऱ्याच ठिकाणी असतं, शिवाय बिल भारतातलं, काही निघालं तर बोलायला जागा राहते. पण मुलाला नुसतं 'एक चांगली रॅकेट आण' सांगू नका, तो तुम्हाला सगळ्यात महागाची आणेल, मुलं प्रेमाने असंच करतात. त्याला लिहून पाठवा, ४यू, जी५, इव्हन, लवचिक शाफ्ट, बीजी ६५ गट २२ पाउंड, बजेट तीन हजार. मलेशियात निवड प्रचंड, फेलेट, अपॅक्स हे तर तिथलेच ब्रँड, पण तिथली वॉरंटी इथे कुणी मानत नाही. हौस असेल तर आणू दे.

प्रश्न : रॅकेट जाऊ दे, आमच्याकडे शटलसुद्धा एकाच प्रकारचं मिळतं, निळ्या पट्टीचं नायलॉन. पिसाचं फूल तर दुकानदाराने बघितलेलंही नाही. आणि हे निळं मारलं की बाहेर जातं. — वाचक, जळगाव

उत्तर : पिसाच्या मागे लागू नका, रोजच्या खेळाला परवडत नाही, आणि तुमच्या कोरड्या हवेत पिसं पटापट मोडतील. ज्यांना खेळायचंच आहे ते डब्यात वाफ धरून, ओलावा देऊन मग वापरतात, एवढा उद्योग कोण करणार.

बाहेर का जातं ते सांगतो. नायलॉन शटलच्या बुचावर जी रंगीत पट्टी असते ती वेगाची असते, योनेक्सच्या मॅव्हिस ३५० शटलवर बघा. हिरवी म्हणजे स्लो, निळी म्हणजे मध्यम, लाल म्हणजे फास्ट. हवा गरम असली की विरळ होते आणि शटल लांब उडतं, म्हणून गरम हवेला स्लो शटल लागतं. कंपनीच्या हिशोबाने निळी पट्टी १२ ते २३ डिग्रीला आणि हिरवी २२ ते ३३ डिग्रीला. आता जळगावात २३ डिग्री कधी असतं, डिसेंबर-जानेवारीच्या पहाटे? म्हणजे वर्षातले नऊ-दहा महिने तुम्ही चुकीच्या पट्टीने खेळताय, आणि दोष हाताला देताय. गंमत म्हणजे महाराष्ट्रभर दुकानात निळीच भरलेली असते, कारण सगळे निळीच मागतात, कारण दुकानात निळीच असते. दुकानदाराला सांगून हिरव्या पट्टीचे अर्धा डझन डबे एकदम मागवून घ्या, ग्रुपमध्ये वाटून घेतले की त्याचाही माल पडून राहत नाही. मे महिन्यात ४४ डिग्रीला हिरवीसुद्धा बाहेर जाईल, तेव्हा सकाळी साडेपाचला खेळा.